कुत्र्याला ट्रेकला नेताय? आधी सावली मोजा

कुत्र्याला घेऊन ट्रेकला जायचं ठरलं की मुंबईतले लोक पहिल्यांदा विचारतात, "सोपा आहे ना?" इथेच गाडी चुकते. आपण ज्याला सोपं म्हणतो ती रुंद, सपाट, उघडी वाट असते आणि कुत्र्याला तीच सगळ्यात जड जाते. झाडीतली उभी चढण तो हसतखेळत चढतो. माझी भुरी ही १९ किलोची गावठी कुत्री. सहा वर्षं ती माझ्याबरोबर सह्याद्रीत फिरतेय आणि हे मी तिच्याकडूनच शिकले.

रेबीज आणि लेप्टोची लस, गोचिडांचं औषध, हाकेला परत येण्याची सवय हे सगळं झालेलं आहे असं धरून चालते. गळपट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा हार्नेस घ्या, पाठीवर मूठ असलेला. पाय घसरला तर गळपट्ट्याने फास बसतो.

जागा

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान कितीही जवळ असलं तरी तिथे कुत्रा नेता येत नाही. कर्नाळा, तुंगारेश्वर ही अभयारण्यं आहेत, तीही यादीतून काढा. कुत्र्याच्या वासाने रानातली जनावरं बिथरतात, आणि बिबट्याच्या लेखी कुत्रा हे खाद्य आहे. सोंडाई किल्ल्याला शिड्या आहेत आणि कलावंतिणीच्या उभ्या पायऱ्यांना बाजूला आधार नाही, म्हणून दोन्ही नकोत. लोहगडाच्या पायऱ्या चांगल्या आहेत, पण रविवारची गर्दी आणि माकडं? माकडामागे झेपावलेला कुत्रा कड्याची कड बघत नाही.

नवख्यांना मी राजमाची सुचवते, तीही कर्जतकडून. कोंदिवड्याहून कोंढाणे लेण्यांवरून वर जाणारी ही वाट चांगलीच चढणीची आहे, पण बरीचशी झाडीतून जाते. लोणावळ्याहून येणारा सुमारे १५ किलोमीटरचा कच्चा रस्ता चालायला सोपा, म्हणून सगळे तोच सांगतात. कुत्रा बरोबर असेल तर त्या रस्त्याने जाऊ नका. का, ते पुढे सांगते.

वेळ

आपल्याला सगळ्या अंगाला घाम येतो. कुत्र्याला तो पंजांच्या गाद्यांना येतो, थोडासाच. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे धापा टाकणं हाच मुख्य मार्ग आहे. जिभेवरचं पाणी उडतं आणि अंग निवतं. हवा दमट असली की ते पाणी नीट उडत नाही. म्हणून आपल्याकडे नुसतं तापमान बघून चालत नाही. पावसाळा सरल्यावर डोंगर हिरवेगार दिसतात आणि लोक ऑक्टोबरात निघतात, पण मला विचाराल तर कुत्र्यासाठी तो महिना मे इतकाच वाईट. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जा.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या शेवटी मी आणि माझा भाऊ भुरीला घेऊन राजमाचीहून लोणावळ्याच्या रस्त्याने परत निघालो. साडेदहा वाजले होते. पाणी होतं, वाट सपाट होती, काळजीचं काही कारण दिसत नव्हतं. अर्ध्या वाटेवर भुरी एका झाडाखाली जाऊन पोटावर पसरली. मी हाक मारली, ती उठली आणि चालू लागली. पुढच्या झाडाखाली पुन्हा तेच. मला वाटलं, दमलीय, पण चालतेय ना. ती चालत होती कारण मी हाक मारत होते. कुत्रा माणसाला "आता पुरे" असं सांगत नाही. तो कोसळेपर्यंत मागे येतो.

तिसऱ्या झाडानंतर तिचे मागचे पाय एकमेकांत अडकायला लागले. जिभेचं टोक फावड्यासारखं रुंद झालं होतं, लाळ दोरीसारखी लोंबत होती. ओठ उचलून पाहिलं तर हिरड्या विटेच्या रंगाच्या. वाटेतल्या कोणीतरी सांगितलं म्हणून मी ओला टॉवेल तिच्या अंगावर गुंडाळला. पाच मिनिटांत तो टॉवेल गरम झाला आणि आतली वाफ आतच कोंडली. हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. कृपा करून ऐकू नका. आम्ही तिला चादरीत घालून ओढ्यातल्या डबक्यापर्यंत नेलं, डोकं वर धरून पाण्यात बसवलं आणि भाऊ चटईने वारा घालत राहिला. शहरातल्या ज्या दवाखान्याचा नंबर माझ्याकडे होता, तिथे रविवार म्हणून फोनच उचलला नाही. दुसरा शोधण्यात पाऊण तास गेला. भुरी वाचली. तीन दिवस सलाईन लागलं.

तेव्हापासून माझे नियम पक्के आहेत. सावली बघून कुत्रा स्वतःहून बसला की ट्रेक तिथेच संपला. अर्धा तास थांबायचं, पाणी द्यायचं आणि मागे फिरायचं. उष्माघाताची अशी लक्षणं दिसली तर आधी थंड करायचं, मग गाडीत घालायचं. पाणी ओतत राहायचं, पोटाखाली, जांघेत, काखेत, आणि वारा घालायचा. गार पाण्याने झटका बसतो ही भीती बाळगू नका, वेळ घालवणं जास्त घातक आहे. थर्मामीटर जवळ ठेवा. कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर धोका, आणि १०३ पर्यंत उतरलं की पाणी ओतणं थांबवायचं.

बेत उलटा आखायचा. दहा वाजता गाडीपाशी परत यायचं, म्हणजे साडेसातला उतरायला लागायचं, म्हणजे पाचला चालायला सुरुवात, म्हणजे दादरहून अडीच-तीनला निघायचं. साडेसातला जिथे असाल तिथून फिरा. बालेकिल्ला राहिला तर राहू द्या. पग, बुलडॉग असे चपट्या नाकाचे कुत्रे न्यायचेच नाहीत, कुठल्याही महिन्यात.

आणखी एक. शनिवारी घरीच कुत्र्याला चादरीत घालून दोघांनी जिना उतरून पाहा. जमत नसेल तर रविवारी जाऊ नका. कर्जत किंवा लोणावळ्यातला रविवारी उघडा असलेला प्राण्यांचा दवाखाना आदल्या दिवशीच फोन करून नक्की करा.

वाटेवर

निघण्यापूर्वी तीन तास पोटभर खायला देऊ नका. २० किलोच्या कुत्र्यासाठी किमान दोन लिटर पाणी वेगळं घ्या. गडावरच्या टाक्यांतलं पाणी माणसं पितात, त्यात कुत्रा उतरवू नका. गावात पट्टा आखूड धरा, शेळ्या-कोंबड्या असतात. गावचे कुत्रे अंगावर आले तर दगड उचलू नका. पहिल्या घरापाशी थांबून "काका, जरा तुमच्या कुत्र्यांना हाक मारता का?" एवढं म्हटलं की काम होतं.

घरी आल्यावर

बोटांच्या बेचक्या, कानांच्या आतल्या घड्या, शेपटीखाली, काखेत हात फिरवून गोचीड शोधा. गोचीड सापडला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल किंवा रॉकेल लावू नका. पुढचे तीन आठवडे जेवण टाकलं किंवा अंग तापलं तर रक्त तपासून घ्या, आणि डॉक्टरांना ट्रेकची तारीख सांगा.