वॉर्डात उभ्याउभ्या शिकवायचं कसं

‘सिस्टर, आता ट्रेनिंगचं तुम्ही बघा’ असं मेट्रनने, म्हणजे नर्सिंगच्या प्रमुखांनी, सांगितलेल्या इनचार्ज सिस्टरांसाठी आणि नव्या ट्यूटरांसाठी हे लिहितेय. मी मिरजेत एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आहे. आधी स्टाफ नर्स, मग आयसीयूची इनचार्ज, आता ट्रेनिंग. मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन आलेली मुलगी वर्षभरात हाताशी येते आणि पगारात दोन हजार जास्त मिळाले की पलीकडच्या हॉस्पिटलात जाते. तिला दोष देत नाही, मीही तेच केलं असतं. पण त्यामुळे इथे शिकवणं कधी संपत नाही, आणि थोड्या वेळात, बिनखर्चाने, पुन्हापुन्हा करता येईल अशीच पद्धत टिकते.

तर पहिली गोष्ट, हॉल बुक करू नका. हॉलमधल्या दोन तासांच्या लेक्चरला नाइट संपवून आलेल्या मागच्या रांगेत डुलक्या घेतात, डे-ऑफवाल्या चिडून बसलेल्या असतात आणि जिला खरी गरज आहे ती वॉर्ड सोडता येत नाही म्हणून आलेलीच नसते. शेवटी सह्या, ग्रुप फोटो, चहा. फाइल जाड होते, बाकी काही नाही. त्याऐवजी वॉर्डात जा, पंधरा मिनिटं घ्या, एकच विषय धरा आणि बोलण्यापेक्षा त्यांच्याकडून करून घ्या.

वेळ

आमच्याकडे आठ-दोन, दोन-आठ आणि नाइट. बहुतेक जणी दोनच्या हँडओव्हरला, म्हणजे एक शिफ्ट दुसरीला पेशंट सोपवते तेव्हा, शिकवायला जातात, कारण दोन्ही शिफ्टच्या मुली एकत्र सापडतात. ते टाळा. मॉर्निंगवालीचा जीव तिच्या एसटीत अडकलेला असतो आणि इव्हिनिंगवालीला पेशंट समजून घ्यायचे असतात. साडेतीनला जा. हँडओव्हर झालेला असतो, दुपारची औषधं दिलेली असतात आणि नातेवाइकांची गर्दी अजून व्हायची असते. मॉर्निंगला राउंड उरकल्यावर, साडेअकराच्या सुमारास. नाइटला दहा वाजता.

हो, नाइटलाही जायचं. ‘ट्रेनिंगच्या मॅडम आम्हाला कधी दिसतच नाहीत’ ही नाइटवाल्यांची तक्रार खरी असते. रात्री वॉर्डात दोघीच असतात, डॉक्टर फोनवर, फार्मसीची खिडकी अर्धी बंद. शिकलेलं सगळ्यात जास्त तेव्हाच लागतं. म्हणून एकच विषय आठवडाभर तिन्ही शिफ्टना फिरवा. तेच तेच सांगून तुम्हाला कंटाळा येईल, पण त्या ऐकत असतात पहिल्यांदाच.

विषय कुठून आणायचा

आग, सीपीआर, इन्फेक्शन कंट्रोल, बायोमेडिकल वेस्ट हे विषय एनएबीएचसाठी (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) कॅलेंडरप्रमाणे घ्यावे लागतात, ते घ्या. बाकीचे वॉर्डातूनच उचला. कचऱ्याच्या लाल पिशवीत डोकवा. सुईसकट सिरिंज दिसली तर या आठवड्याचा विषय मिळाला, कारण ती सुई पांढऱ्या, टोचू न देणाऱ्या डब्यात जायला हवी होती. इन्सिडेंट रजिस्टर वाचा. ते कोरं असेल तर आनंदू नका, लोक लिहायला घाबरतात एवढाच त्याचा अर्थ. आणि टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा तक्ता, उघडून श्वसनाच्या रकान्यावरून बोट फिरवा. वीस, वीस, वीस, बावीस, वीस. वॉर्डातले चाळीस पेशंट एकाच लयीत श्वास घेत नाहीत.

श्वास मोजणं हा सुरुवातीला घ्यायला उत्तम विषय, कारण सामान काही लागत नाही. सेकंदकाट्याचं घड्याळ पुरतं. दोघी-दोघींच्या जोड्या लावा. एकीने दुसरीची नाडी धरायची, पण मोजायचा श्वास, तोही पूर्ण मिनिट. नाडी धरण्याचं नाटक यासाठी की श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो. मग तेच पंधरा सेकंद मोजून चारने गुणायला सांगा. एक श्वास चुकला की उत्तर चारने चुकतं, हे त्यांचं त्यांनाच दिसतं. त्यानंतर दोन मिनिटं कारण सांगा. पेशंट बिघडायला लागला की बीपी पडायच्या बऱ्याच आधी श्वास वाढू शकतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या धोकासूचक तक्त्यात मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त श्वासांना धोक्याचे एकदम तीन गुण आहेत, आणि एका नोंदीला तीन गुण पडले की डॉक्टरने तातडीने येऊन बघायचं. हे कळल्यावर ‘वीस’ लिहिताना हात जरा अडखळतो.

एक सत्र सविस्तर: इन्सुलिन

हे मी सगळ्यात जास्त वेळा घेते. आपल्याकडे दोन तीव्रतेचं इन्सुलिन मिळतं, एका मिलीत ४० युनिटचं आणि १०० युनिटचं. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. दोन्ही प्रकार एकाच ट्रेमध्ये पडलेले असतात, कारण पेशंट आपापली औषधं घरून घेऊन येतात.

दोन्ही प्रकारच्या रिकाम्या कुप्या घ्या, त्यात डिस्टिल्ड वॉटर भरा, दोन्ही सिरिंजांसकट ट्रेमध्ये मिसळून ठेवा. मग फक्त ‘दहा युनिट भरा’ म्हणा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं शिकवणाऱ्याला सगळ्यात अवघड जातं. कोणी १०० ची कुपी आणि लाल सिरिंज उचलली तरी टोकू नका, भरू द्या. नंतर वहीत आकडे मांडायला लावा. लाल सिरिंजवर दहाची खूण म्हणजे पाव मिली. १०० च्या कुपीतलं पाव मिली म्हणजे २५ युनिट. दहाच्या जागी पंचवीस! हे तुम्ही सांगितलंत तर तासाभरात विसरतील, तिने स्वतः मांडलं तर नाही.

मग उलटं करा. ४० ची कुपी, केशरी सिरिंज, दहाची खूण. पेशंटला जातात चारच युनिट. हे निरुपद्रवी वाटतं, पण पुढचा प्रवास त्यांना सांगायला लावा. साखर उतरत नाही, सकाळच्या राउंडला डॉक्टर डोस वाढवतात, आणि दुपारी बरोबर सिरिंज वापरणारी सिस्टर तो वाढवलेला डोस पुरता देते. साखर ७० च्या खाली, धोक्याच्या पातळीला, जाते ती तिच्या ड्युटीत, आणि बोलणी तिलाच बसतात.

दोन नियम मनावर ठसवा. टोपणाच्या रंगावर विसंबायचं नाही, कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचायचा. रात्रीच्या मंद उजेडात लाल-केशरी सारखेच दिसतात. आणि पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन काढायचं नाही. जाताना पाण्याच्या कुप्या मोजून परत न्या. त्यांच्यावर जाड मार्करने ‘शिकवणीसाठी’ लिहिलेलं असलंच पाहिजे. पाणी भरलेली इन्सुलिनची कुपी वॉर्डाच्या फ्रिजमध्ये राहिली तर काय होईल ते सांगायला नको.

याच पद्धतीने पोटॅशियम क्लोराइड घ्या. दहा मिलीच्या नेहमीच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं आणि ते शिरेतून सरळ ढकललं तर हृदय थांबतं. पण इथे करून घ्यायचं काम वेगळं आहे. सगळ्यांनी मिळून ट्रे आणि कपाट तपासायचं. ही अँप्युल साध्या डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी सापडली तर तिची जागा तिथल्या तिथे बदलायची.

सीनियर सिस्टर

‘मॅडम, वीस वर्षं झाली इंजेक्शनं देऊन, आता काय शिकवता?’ हे ऐकावं लागणारच. वाद घालू नका. ‘म्हणूनच तुमचा हात या मुलींना दाखवायचाय, डायलिसिसवरच्या त्या आजींचं इंट्राकॅथ (सलाइनसाठी शिरेतली नळी) तुम्हीच लावलंत ना?’ असं म्हणा. खुशामत म्हणून नाही. सुजलेल्या, वयस्कर हातावर शीर शोधायचं तिचं कसब तुमच्या कुठल्याच पीपीटीत नाही. ती दाखवायला उभी राहिली की नियमाचं ती स्वतःच बोलते. आणि तिला दुरुस्त करायचं असेल तर नर्सिंग स्टेशनवर नाही, ज्युनियरसमोर नाही, नातेवाइकांसमोर तर मुळीच नाही. चेंजिंग रूममध्ये, हळू आवाजात, ‘ताई’ म्हणून.

मामा-मावशींनाही, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांनाही, बोलवा. कचरा त्याच उचलतात, लिफ्ट तेच थांबवतात, ऑक्सिजन सिलिंडर तेच ढकलतात. त्यांना वगळून घेतलेलं मॉक ड्रिल हे फक्त नाटक.

रात्री दोनचा फोन

‘सर, बेड चौदाचं पेशंट बरं वाटत नाहीये.’ ‘बघतो सकाळी.’ फोन बंद. यात डॉक्टरचीही चूक आहे, पण सुधारणं आपल्या हातात आहे ते आपलं वाक्य. काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय या क्रमाने बोलायची ‘एसबीएआर’ पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आली. मुलींना इंग्रजी अक्षरं पाठ करायला लावू नका, वाक्यच द्या:

‘सर, मेल सर्जिकलमधून सिस्टर बोलतेय, बेड चौदाबद्दल. बीपी ९० वर ६०, पल्स १२४, ड्रेसिंग ओलं झालंय. दुपारी हर्नियाचं ऑपरेशन झालं, संध्याकाळी बीपी १३० होतं. मला आतून ब्लीडिंगची शंका येतेय. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर सलाइन फास्ट करू का?’

एकीला डॉक्टर करा, तेही झोपमोड झालेला, चिडका. हसतील, हसू द्या. ‘मला शंका येतेय’ आणि ‘तुम्ही या’ ही दोन वाक्यं मुलींच्या तोंडून निघत नाहीत, कारण आपल्याकडे नर्सने मत द्यायचं नसतं असं त्यांना शिकताना कळलेलं असतं. ती दोन वाक्यं पाच वेळा म्हणवून घ्या. फोनवर मिळालेली ऑर्डर औषधाचं नाव, डोस आणि मार्ग यांसह परत म्हणून दाखवायची, मगच फोन ठेवायचा.

मॉक कोडबद्दल, म्हणजे हृदय थांबलेल्या पेशंटसाठी धावायच्या सरावाबद्दल, थोडक्यात. मेट्रन आणि ड्युटी डॉक्टरला आधी सांगून ठेवा, स्टाफला नको, आणि रिकाम्या खोलीत घ्या. मॅनिकिन (सरावाचा पुतळा) नसेल तर जवळच्या नर्सिंग कॉलेजकडून एका दुपारसाठी मागा, बहुतेक देतात. उशीवर छाती दाबून पाच-सहा सेंटिमीटरचा अंदाज येत नाही. पहिलं कॉम्प्रेशन कधी सुरू झालं, मिनिटाला १०० ते १२० चा वेग राहिला का, दर दोन मिनिटांनी माणूस बदलला का, पाठीखाली फळी आली का, अँबू बॅगला (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीला) मास्क होता का, एवढंच टिपा. नंतरच्या बोलण्यात ‘कोण चुकलं’ नको, ‘काय सापडलं नाही’ विचारा.

सुई टोचल्यावर काय करायचं हे सगळ्यांना तोंडपाठ असतं: साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, लगेच कळवायचं. त्यामुळे ते विचारूच नका. विचारा, ‘पीईपीचं (टोचल्यावर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायचं) औषध आत्ता, या घडीला, कुठे आहे आणि किल्ली कोणाकडे?’ पहिला डोस जमल्यास दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत घ्यायचा असतो. उत्तर मिळालं नाही तर सत्र तिथेच थांबवून सगळ्यांना घेऊन त्या कपाटापर्यंत चालत जा.

शिकवणाऱ्यांना शिकवणं

एकटीने सगळं हॉस्पिटल होत नाही. प्रत्येक वॉर्डातून एक सिस्टर निवडा. सगळ्यात हुशार नको, जिला ज्युनियर मुली न घाबरता प्रश्न विचारतात ती घ्या. तिने सत्र घेताना तुम्ही मागे उभ्या राहा आणि तोंड उघडू नका. नंतर तिला दोनच गोष्टी सांगा, जास्त नको.

कॉलेजातून थेट ट्यूटर म्हणून आलेल्या एमएस्सी मुलींनी आठवड्यातून एक शिफ्ट वॉर्डात काढावी असा माझा आग्रह असतो. ऑब्झर्व्हेशनला नव्हे, पेशंट वाटून घेऊन. इंडेंट (स्टोअरकडून मागवलेलं सामान) वेळेवर येत नाही, बीपीचा कफ एकच आणि तोही गळका, हे माहीत नसलेलीने सांगितलेलं कोणी ऐकत नाही, आणि न ऐकणंच बरोबर आहे.

नव्या मुलीसाठी एक साधा कागद करा. डाव्या बाजूला कामं, पुढे तीन रकाने: पाहिलं, कोणासमोर केलं, एकटीने केलं. प्रत्येक ठिकाणी तारीख आणि सोबत असलेल्या सिस्टरची सही. तिसरा रकाना भरेपर्यंत तिला नाइटला एकटी टाकायची नाही. इथे मेट्रनशी तुमचे खटके उडणार, कारण ड्युटी लावायला माणसं कमीच असतात. तरी कागद पुढे धरा. उद्या काही झालं तर तोच कागद त्या मुलीला वाचवतो.

पंधरा दिवसांनी तपासायला जा, पण प्रश्नपत्रिका नेऊ नका. कोपऱ्यात उभं राहून बघा. हात चोळायला रब घेतला तर वीस ते तीस सेकंद घासले का, पेशंटला हात लावायच्या आधी की फक्त नंतर? चार्टवर अजून वीस-वीसच आहे का? असेल तर शिकवण्यात काय राहिलं ते आधी तपासा, मेमो काढायची घाई नको.

कागदपत्रांचं एवढंच: तारीख, शिफ्ट, विषय, सह्या, आणि सत्रानंतर वॉर्डात काय बदललं याची एक ओळ. रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करताना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला जे क्रेडिट पॉइंट लागतात ते मान्यता घेतलेल्या कार्यक्रमांचेच धरले जातात. वॉर्डातली ही पंधरा मिनिटं त्यात येतील असं कोणाला सांगू नका, त्या कार्यक्रमांसाठी मुलींना आळीपाळीने ड्युटीतून मोकळं करून द्या.

आणि नाइट उतरलेल्या कोणाला ट्रेनिंगसाठी थांबवावंच लागलं, तर तो वेळ ड्युटीत धरून बदली सुट्टी द्यायची हे मेट्रनकडून आधीच लेखी घेऊन ठेवा. तोंडी कबुली महिनाअखेरीला, रोस्टर लावताना, कोणालाच आठवत नाही.