ऑफिसातली टॅली घरून चालवायची? आधी पोर्ट बंद करा, मग पासवर्डचं बघा

ऑफिसच्या पीसीवर टॅली, काम घरून; म्हणून कुणीतरी राउटरमध्ये ३३८९ पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे इंटरनेटवरून थेट त्या पीसीपर्यंत यायचं दार उघडून ठेवलेलं असतं. ती नोंद आधी काढा. रिमोट डेस्कटॉपचा (दूरून पीसी चालवायची विंडोजची सोय) हा पोर्ट उघडा दिसला की बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, रात्रंदिवस पासवर्ड मारत बसतात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, मग सिक्युरिटी उघडा आणि ४६२५ क्रमांकाच्या नोंदी मोजा: प्रत्येक नोंद म्हणजे एक फसलेलं लॉगिन. पोर्ट बदलून नोंदी कमी होतात, पण दार उघडंच राहतं.

त्याऐवजी व्हीपीएन, म्हणजे घर ते ऑफिस असा इंटरनेटवरचा खाजगी बोगदा घ्या. राउटरमध्ये वायरगार्ड हा व्हीपीएन असेल तर उत्तम. बाहेरून फक्त यूडीपी ५१८२० हा पोर्ट लागतो, आणि योग्य डिजिटल किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्हाला स्वतंत्र पब्लिक आयपी मिळालेला नाही, पोर्ट फॉरवर्डिंगवर वेळ घालवू नका. तिथे टेलस्केल ही पोर्ट न उघडता चालणारी व्हीपीएन सेवा चालते. तिच्या खात्याला टू-स्टेप (पासवर्डशिवाय दुसरी खात्री) मात्र लावाच.

आता पासवर्ड. नाव, मग @, मग १२३ हा साचा बॉटच्या यादीत पहिल्या पानावर असतो. ७,७७६ शब्दांची डाइसवेअर यादी (फाशाच्या आकड्यांनी शब्द निवडायची) घ्या, पाचदा फासा टाकून एक शब्द, असे पाच शब्द काढा. शक्यता होतात सुमारे २८ वर १८ शून्यं. शब्द फाशानेच निवडायचे; म्हण किंवा अभंगाची ओळ नको, ती इतरांनाही पाठ असते. मराठी शब्द रोमनमध्ये लिहायचे तर स्पेलिंग एकदाच ठरवा, नाहीतर वांग्याला व्ही की डब्ल्यू यातच खातं लॉक होईल.

लॉक मात्र हवंच. लोकल सिक्युरिटी पॉलिसीत अकाउंट लॉकआउट पॉलिसी उघडा: १० चुका झाल्या की १० मिनिटं खातं बंद. पोर्ट उघडा ठेवून हे केलंत तर बॉट तुम्हालाच बाहेर ठेवतील, म्हणून क्रम उलटा करू नका. रोजच्या कामाला साधं स्टँडर्ड खातं बनवून ते रिमोट डेस्कटॉप युजर्स गटात घाला.

जोडणी होत नसेल तर तीन गोष्टी बघा. ऑफिसच्या पीसीवर विंडोज होम असेल तर तो बाहेरून जोडणी घेतच नाही, प्रो लागतं. विंडोजचा पिन इथे चालत नाही, खात्याचा पासवर्डच टाकावा लागतो. आणि पासवर्ड बदलल्यावर खातं सारखं लॉक होत असेल, तर कुठल्या तरी मोबाइलमध्ये किंवा जुन्या लॅपटॉपवर जुना पासवर्ड सेव्ह आहे.