काळ्या मातीच्या नागपुरात अनंत

अनंताच्या झाडाला आम्लधर्मी माती मानवते, तर नागपूरची काळी माती बहुधा चुनखडीयुक्त असते. त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून हे झाड जमिनीत न लावता मोठ्या कुंडीत लाल माती, कोकोपीट आणि कुजलेला पालापाचोळा यांच्या मिश्रणात लावणेच उत्तम. बोअरच्या जड पाण्याऐवजी शक्यतो साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. पिवळेपणा दिसल्यास चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले लोह) पाकिटावरील प्रमाणातच वापरावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हा कुंडी पूर्वेच्या भिंतीलगत हलवावी, अन्यथा टपोऱ्या कळ्या उमलण्याआधीच गळतात. छाटणी बहर ओसरल्यावर लगेच करावी.