गाडी तापते कधी, त्यावर कारण कळतं

तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला की एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या, इंजिन थांबवा. निदान अर्धा तास रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबामुळे १०० अंशांच्या वर असतं, उसळून तोंडावर येतं.

सिग्नलला तापते आणि पळवल्यावर काटा उतरतो, तर रेडिएटरचा पंखा बघा. एसी लावल्यावरही फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला करंट देणारा स्विच), शेवटी मोटर. हॉर्नचा रिले सारखाच असेल तर तो लावून बघा. मोटरचा खर्च कदाचित वाचेल. हात मात्र लांब ठेवा, इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरू शकतो.

कसारा घाटासारख्या चढावर तापते, तर रेडिएटर धुळीने किंवा आतून गाळाने तुंबलाय, नाहीतर कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) कमी आहे. सुरू केल्यावर लगेच तापते आणि रेडिएटर गारच राहतो, तेव्हा बहुधा थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) बंद अवस्थेत अडकलेला असतो.

गळती दिसत नाही, तरी कूलंट घटतंय? सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर किंवा ऑइलवर दुधी साय असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या सीलचा) संशय धरा. अशी गाडी चालवू नका, टो करून न्या.

भरताना बोअरचं पाणी नको, क्षार साचतात. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मेनिम्मे घ्या.