फाटलेलं पान, सुटलेली शिवण: जुन्या पुस्तकाची दुरुस्ती कशी करावी

महाराष्ट्रात शंभरी ओलांडलेली ग्रंथालयं बरीच आहेत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. अशा कपाटांतल्या जुन्या पुस्तकांचा कागद बऱ्याचदा लाकडाच्या लगद्याचा, तुरटी आणि राळ वापरून केलेला असतो. त्यात आम्ल असतं, म्हणून तो पिवळा पडतो आणि कडेनं तुटतो. वाळवी आणि कसर पुस्तकं खातातच, पण सेलोटेपनं आणि घाईच्या बांधणीनं गेलेली पुस्तकंही कमी नाहीत. टेपचा चिकटा काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो, वरची पट्टी गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. म्हणून पानाला लावलेली गोष्ट पुढे पाण्यानं सोडवता आली पाहिजे, हा या कामाचा पहिला नियम.

आधी तपासणी
पानं क्रमानं मोजा, गहाळ पानांची नोंद करा, फोटो काढा. मऊ ब्रशनं धूळ घडीकडून बाहेरच्या कडेकडे झाडा. बुरशी दिसली तर मास्क लावून मोकळ्या हवेत झाडा, नाहीतर ती शेजारच्या पुस्तकांवर जाते. मग एखाद्या कोऱ्या पानाचा कोपरा हलकेच एकदा पुढे, एकदा मागे दुमडून पाहा. तेवढ्यानंच तुटला तर पुस्तक शिवू नका, आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवा.

शाईही तपासा. कापसाचा ओलसर बोळा शाईला क्षणभर टेकवा, रंग बोळ्यावर आला तर तिथे पाणी लावायचं नाही. छापील अक्षरं बहुधा टिकतात. फुटतो तो ग्रंथालयाचा जांभळा शिक्का.

खळ
२० ग्रॅम गव्हाचा स्टार्च १०० मिली पाण्यात अर्धा तास भिजवा. नंतर भांडं उकळत्या पाण्यात ठेवून २० ते २५ मिनिटं सतत ढवळत शिजवा. कुरडयांचा चीक ज्यांनी शिजवलाय त्यांना खूण सांगायला नको: आधी दुधासारखं पांढरं, मग एकदम घट्ट, आणि शेवटी पांढरेपणा जाऊन चकचकीत, अर्धपारदर्शक. त्याआधी उतरवली तर खळ कच्ची राहते आणि नीट धरत नाही. मैद्याची खळ नको. त्यातल्या ग्लुटेनमुळे ती किड्यांना आवडते. किडे येऊ नयेत म्हणून जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत, तेही टाळा, कारण मोरचुदातल्या तांब्यामुळे कागद आणखी लवकर ठिसूळ होतो.

गार झाल्यावर बारीक गाळणीतून दोनदा दाबून गाळा आणि पाणी घालत दाट ताकाइतकी पातळ करा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते. आंबूस वास आला की फेकून द्या.

फाटलेलं पान
यासाठी जपानी टिश्यू लागतो: कोझो (जपानी तुती) झाडाच्या लांब तंतूंचा, चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम वजनाचा पातळ कागद. पट्टी कात्रीनं कापू नका. पाण्यात बुडवलेल्या बारीक ब्रशनं टिश्यूवर रेघ ओढा आणि त्या ओल्या रेघेवर हळूच ओढून फाडा. कडेला तंतूंची झालर राहते, ती कागदात मिसळून जाते. कापलेल्या सरळ कडेवर मात्र पान पुन्हा तुटतं.

फाटीच्या दोन्ही कडा नीट पाहा. बहुतेक फाटी तिरक्या असतात आणि एक कड दुसरीवर बसते. उलटी बसवली तर ओळी जुळत नाहीत. ५ ते ६ मिमी रुंदीची पट्टी काचेवर ठेवून खळ लावा, चिमट्यानं उचला, फाटीवर ठेवा. वर न विणलेलं पॉलिएस्टर कापड, त्यावर टिपकागद, त्यावर वजन. पाच-दहा मिनिटांनी टिपकागद बदला, मग अर्धा तास तसंच राहू द्या. खळ फार पातळ असली तर पाण्याची तपकिरी रेघ उमटते, फार दाट असली तर जोड ताठ होतो आणि पान त्याच्या शेजारीच मोडतं.

घडी आणि शिवण
फॉर्मच्या (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या जुडीच्या) घडीवर पान तुटलं असेल तर घडीच्या बाहेरून १५ मिमीची टिश्यूपट्टी लावा. टिश्यूचे तंतू पुस्तकाच्या कण्याला (पाठीला) समांतर हवेत. न कळलं तर छोटा तुकडा ओला करा, तो ज्या रेषेभोवती वळतो तीच तंतूंची दिशा.

दोऱ्याला मेण चोळा आणि शक्यतो जुन्याच भोकांतून शिवा. दोरा ताणायचा तो घडीच्या दिशेनं, वर ओढला की भोक फाटतं. बाजूनं टोचून शिवणं झटपट होतं, पण आतला समास गिळला जातो, पुस्तक सपाट उघडत नाही आणि वाचक दाबून उघडतो तेव्हा ठिसूळ पान शिवणीच्या रेघेवरच तुटतं. शिवायच्या आधी मशीनवर कडा छाटायलाही देऊ नका. जुन्या पुस्तकांचा समास आधीच कमी असतो, आणि त्यावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं असू शकतं.

कणा पक्का करताना खळीनं मलमल लावा, दोन्ही बाजूंना २५ मिमी बाहेर राहील अशी. त्यावर कागद, मग रात्रभर दाब. पांढरा गोंद इथे नको, वाळल्यावर तो पाण्यानं सुटत नाही. जुना पुठ्ठा चांगला असेल तर तोच परत चढवा.

पावसाळ्यात खळ वाळायला बराच वेळ लागतो. वजन तीन दिवस तसंच ठेवा, टिपकागद रोज बदला, आणि पुस्तक कपाटात ठेवण्याआधी आतल्या घडीला गालाचा स्पर्श करून पाहा. थंड लागली तर अजून ओल आहे.