काय शिजवलं ते सांगताना भांडंही सांगा

रात्री जेवायला काय केलं हे सांगताना आपण जिन्नस अगदी हिशेबाने देतो, पण भांड्याबद्दल चकार शब्द काढत नाही. खरी गोम तिथेच असते. पसरट भांड्यात रस्सा भराभर आटतो, उभट पातेल्यात तोच बराच वेळ पातळ राहतो. त्यामुळे ‘मध्यम आचेवर १० मिनिटं’ एवढ्याने समोरच्याचं भागत नाही. ‘रस्सा चमच्याच्या पाठीला धरून राहिला आणि बोटाने ओढलेली रेघ मिटली नाही की गॅस बंद करा’, असं सांगितलं तर कुणालाही जमतं.

कांद्याचं तर विचारूच नका! ‘५ मिनिटांत खरपूस’ असं कुणी म्हणालं की मी सरळ २० धरते. पाणी उडाल्याशिवाय कांदा रंग धरत नाही. आधी नुसता मऊ, पारदर्शक होतो, मग कडा तांबूस व्हायला लागतात.

मापंही सगळीकडे एक नसतात. कप कुठे २४० मिलिलिटरचा, कुठे २५० चा, तर जपानमध्ये २०० चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात मात्र २० चा. पीठ दाबून भरलं की सैल, यानेही फरक पडतो, म्हणून ते ग्रॅममध्येच द्या. मीठ बारीक की जाडं हे तर हवंच, कारण त्याच चमच्यात जाडं मीठ वजनाला कमी भरतं.

फोटो एकच टाकणार असाल तर सजवलेल्या ताटाचा नको, कढईतल्या परतलेल्या कांद्याचा टाका.