प्रतिकाराच्या कथेतल्या बायका आणि प्रतीकं : या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनव्याप्त युरोपवर कथा लिहायला घेतली की पहिल्या पानावर मेणबत्ती पेटते, दुसऱ्यावर कबुतर उडतं, तिसऱ्यावर नायिकेच्या गळ्यात लाल स्कार्फ येतो. यातली एकही गोष्ट कथेत काही काम करत नाही. प्रतीक आधी साधी वस्तू असावी लागते. ती कुठेतरी लपवावी लागते, तिच्यापायी कुणी पकडलं जातं. अर्थ मागाहून येतो.

हानी शाफ्टचे केस बघा. हार्लेमची ही कायद्याची विद्यार्थिनी डच प्रतिकार चळवळीत होती आणि जर्मन ‘लाल केसांच्या मुली’च्या मागावर होते. तिने केस काळे रंगवले, चष्मा लावला. २१ मार्च १९४५ रोजी हार्लेमच्या तपासणी नाक्यावर ती सापडली, जवळ बेकायदा वृत्तपत्रं आणि पिस्तूल. कोठडीत केसांच्या मुळाशी लाल रंग दिसू लागला आणि ओळख पटली. १७ एप्रिलला, देश मुक्त व्हायला तीन आठवडेही उरले नसताना, वाळूच्या टेकड्यांत तिला गोळ्या घातल्या. इथे ‘लाल म्हणजे क्रांती’ असं एक वाक्य घाला, सगळी मेहनत मातीत.

शंका आली तर ती वस्तू कथेतून काढून बघा. कथानक कुठेच अडलं नाही, तर ती शोभेची होती.

देशकाळाचा घोळ तर सर्रास. प्रतिकाराची खूण म्हणून कोटावर पेपरक्लिप लावायची ती नॉर्वेत. भिंतीवरचा विजयाचा ‘व्ही’ जानेवारी १९४१ मध्ये बीबीसीवरून झालेल्या आवाहनानंतरचा, तो १९४० च्या गल्लीत रंगवू नका. वॉर्सातल्या भिंतींवरचा जहाजाचा नांगर, पोलिश प्रतिकाराची खूण, १९४२ चा. तो रेखाटणारी आन्ना स्मोलेन्स्का पुढच्या वर्षी आउश्वित्झच्या छळछावणीत मेली. खरं तर स्वतंत्र कादंबरीचा ऐवज आहे हा, पण लेखक मंडळी अजून कबुतरातच अडकलेली.

धैर्य म्हणजे बंदूक, ही त्याहून मोठी चूक. निरोप पोचवणं, माणसं लपवणं, वायरलेस चालवणं, बायकांचं बरंचसं काम असलं होतं. सुटकेसमधला सेट पंधरा किलोच्या घरात. शिपायासमोरून जाताना खांदा कलता कामा नये, आत कपडेच आहेत असं वाटलं पाहिजे. प्रसंग लिहायचा तर त्या खांद्यावर लिहा, ‘ती निर्भय होती’ म्हणून मोकळे होऊ नका.

निर्दोष नायिकाही नको. ब्रिटिशांची हेर आणि वायरलेस चालवणारी नूर इनायत खान जून १९४३ मध्ये फ्रान्समध्ये उतरली. भोवतालचे साथीदार पकडले जात असताना, परत ये म्हटलं तरी ती थांबली. ऑक्टोबरमध्ये पकडली गेली तेव्हा पाठवलेल्या संदेशांची वही खोलीत सापडली आणि जर्मनांनी तिच्याच सेटवरून लंडनला खोटे संदेश धाडले. सप्टेंबर १९४४ मध्ये दाखाउच्या छळछावणीत तिला ठार मारलं. चिवटपणा आणि घातक गाफीलपणा एकाच बाईत. दुसरी बाजू कापली की उरतो पुतळा.

नवरा मेला म्हणून चळवळीत आली, हे कारणही आता पुरे. फ्रेंच प्रतिकारातल्या लूसी ओब्राकने ऑक्टोबर १९४३ मध्ये लियों शहरात नवऱ्याला जर्मनांच्या कैदेतून सोडवलं खरं, पण चळवळीत ती त्याआधीपासूनच होती.

आणि मुक्तीच्या मिरवणुकीवर पडदा पाडू नका. फ्रान्सच्या ‘कोम्पान्यों द ला लिबेरासियों’ या सन्मानाच्या १०३८ मानकऱ्यांत बायका अवघ्या सहा. घरात माणसं लपवणारी बाई त्या यादीत कुठे बसणार? शेवटचं प्रकरण तिथून सुरू करून बघा.